मोजाभर गंधक

पहिल्या दिवाळसणाला सासऱ्यांनी मला चांदीची अंगठी दिली आणि मी त्यांना मेलेला वेल दिला. अंगठी सकाळी, वेल दुपारी. (परतफेडीत दिरंगाई झाली असं निदान कोणी म्हणू नये!)

तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, आमच्या बेटाच्या पावसाळी पठारावर, क्युरपिपला राहत होतो आणि एका कचेरीत टंकलेखन करत होतो. क्युरपिपच्या माणसाला ऊन ही ऐकीव गोष्ट. आमच्याकडे छत्री वाळत घालायची तरी वर दुसरी छत्री धरावी लागते. सासुरवाडी मात्र पश्चिमेला, समुद्राकडच्या उतारावर, उसाच्या मळ्यांच्या कडेला. या बेटावर हिवाळा जून-जुलैत, त्यामुळं तिथं दिवाळीच्या सुमारास आभाळ तापत्या तव्यासारखं असतं. दोन बसगाड्या बदलून मी आणि येसू, म्हणजे माझी बायको, तिथं उतरलो तेव्हा माझ्या अंगात लोकरी कोट होता. शेजारपाजारची माणसं कोट बघायला बाहेर आली.

आमचे पणजे कोकणातून जहाजानं इकडं आले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात फारसं काही नव्हतं. पण 'जावयाला काडीसुद्धा उचलू द्यायची नाही' हा नियम तेवढा त्यांनी समुद्राचं पाणी न लागू देता आणला. मी पाणी प्यायला उठलो की तीन माणसं उठायची.

"बसा जावयबापू, बसा!" मामा, म्हणजे सासरे.

"अगं चंपे, दाजींस्नी पाणी!" मामी, म्हणजे सासूबाई.

"दाजी, गिळायला तरी येतं का, का तेबी मीच करू?" ही चंपा, येसूची धाकटी बहीण. साऱ्या घरात माझी थट्टा करायची परवानगी फक्त तिला होती, आणि ती परवानगी ती वाया जाऊ देत नव्हती.

दोन दिवस मी खुर्चीत बसून होतो. तिसऱ्या दिवशी, दिवाळसणाच्या सकाळी, मामींनी मला ओवाळलं आणि मामांनी बोटात अंगठी घातली. येसू हळूच म्हणाली, "आईनं आपले लग्नातले वाळे मोडून केलीय." मी अंगठीकडं बघितलं, मामींकडं बघितलं, आणि या माणसांसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे असं माझ्या मनात आलं.

माझ्या मनात काही आलं की घाबरावं, हे येसूला तेव्हा ठाऊक नव्हतं. लग्नाला सातच महिने झाले होते.

परसात मामांनी मांडव घातला होता आणि त्यावर भोपळ्याचा एकच वेल होता. मामा त्याच्याखाली उभे राहून एकेक पान उलटून बघत होते. मी खुर्चीतूनच विचारलं, "काय झालं मामा?"

"काय न्हाय जावयबापू. तुम्ही बसा."

"पानांवर पांढरं दिसतंय."

"पीठ पडलंय जरा. पडतं कधी कधी. तुम्ही बसा."

पीठ! एखाद्यानं पिठाच्या हातांनी पानापानावर थापट्या माराव्यात तसे गोल पांढरे डाग होते. आत गेलो तर मामी चुलीपुढं गप्प बसलेल्या. येसूनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं ते असं: मामी लग्न होऊन या घरी आल्या तेव्हा त्यांच्या आईनं पदराच्या गाठीत या भोपळ्याचं बी बांधून दिलं होतं. त्यांचं माहेर पुढं पांगलं, आई गेली, उरलं ते हे बी. दर वर्षी वेल लावायचा, पहिलं फळ पिकवून बी काढायचं, राखेत घोळून ठेवायचं. मुलगी सासरी निघाली की तिच्या पदरात बांधायचं. येणाऱ्या हिवाळ्यात चंपाचं लग्न होतं. आणि यंदा राखेतलं बी उंदरांनी खाल्लं. जमिनीत टाकलेलं तेवढं वाचलं, त्यातला हा एक वेल जगला.

"पण तुझ्या पदरात बांधलेलं बी आहे ना?" मी म्हणालो.

येसूनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मग मला आठवलं. ते बी मी क्युरपिपला स्वतःच्या हातानं लावलं होतं. पावसात ते इतकं भिजलं की कोंब यायच्याऐवजी त्याचं लोणचं झालं. (म्हणजे माझा हा पहिला गुन्हा नव्हता. दुसरा होता.)

म्हणजे वेल गेला तर बी गेलं, आणि बी गेलं तर मामींचं माहेर गेलं. आणि मी खुर्चीत बसून करंज्या खात होतो!

पण देवाची करणी बघा! त्या साऱ्या गावात या रोगाची छापील माहिती असलेला एकच माणूस होता, आणि तो खुर्चीत बसला होता. दोनच महिन्यांपूर्वी आमच्या कचेरीत शेतकऱ्यांसाठी एक पत्रक टंकायला आलं होतं, फ्रेंचमध्ये. विषय हाच: भुरी. त्याचं पहिलं पान मी टंकलं होतं आणि मला ते पाठ होतं. भुरी ही एक बुरशी. आधी जुन्या पानांवर पांढरी भुकटी, मग कोवळ्यांवर, मग देठांवर. पान पिवळं पडतं, वाळतं, वेल फळ पोसू शकत नाही. उपाय: गंधकाची बारीक पूड झिरझिरीत कापडात भरून पानांवर झटकावी. मात्र...

इथं पहिलं पान संपत होतं. दुसरं पान शेजारच्या टेबलावर गेलं होतं, दुसऱ्या टंकलेखकाकडं. त्या 'मात्र'पुढं काय आहे हे बघण्याची मला कधी गरज वाटली नव्हती. माझ्या भागात चूक नव्हती, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होते!

"जरा पाय मोकळे करून येतो," असं सांगून मी गावातल्या चिनी माणसाच्या लाबुतिकमध्ये, म्हणजे दुकानात गेलो. गंधक मागितलं.

"कुत्र्याला खरूज?" त्यानं इथल्या क्रिओल बोलीत विचारलं.

"नाही. सासऱ्यांना पाहिजे."

त्यानं माझ्याकडं फार कणवेनं पाहिलं आणि पुडी दुप्पट मोठी बांधली.

आता प्रश्न होता वेळेचा. पहाटे करावं तर मामा कोंबड्याच्या आधी उठणार आणि "बसा!" म्हणणार. संध्याकाळी अंगणात सगळं गाव. उरली दुपार. सणाचं जेवण झालं, घर आडवं झालं. ऊन असं होतं की कोंबड्यासुद्धा पंख पसरून भिंतीच्या सावलीला चिकटल्या होत्या. मी लग्नातला नायलॉनचा उजवा मोजा काढला (याहून झिरझिरीत कापड घरात नव्हतं), त्यात सारं गंधक ओतलं आणि मोज्याला गाठ मारली. मोजा काठीला बांधून मी मांडवाखाली उभा राहिलो, आणि सुरुवात केली.

वा! काय ती पूड उडत होती! पानं पिवळी, देठ पिवळे, मी पिवळा. पत्रकात 'किती' हे नव्हतं, तेव्हा मी मनाला विचारलं. मन म्हणालं, सासऱ्यांचं घर आहे, हात आखडता घेऊ नकोस. मोजा रिकामा होईपर्यंत झटकलं. वेलाला नवरीसारखी हळद लागली. मग मोजा माझ्या पिशवीच्या तळाशी लपवला, हात धुतले आणि झोपलो. इतकी सुखाची झोप मला त्यानंतर लागलेली नाही.

चारच्या सुमाराला उठलो तेव्हा घर फार शांत होतं. परसात गेलो. चौघंही मांडवाखाली उभी होती. वरची पानं कडेनं जळून आत वळली होती, अगदी भाजलेल्या पापडासारखी. कोवळे शेंडे मान टाकून लोंबत होते. अंगणभर आगकाडी ओढल्याचा वास होता.

आता ऐकून घ्यायची तयारी ठेवून मी उभा राहिलो. पण झालं भलतंच.

"ऊन लई होतं आज," मामा वर बघत म्हणाले.

"तर काय. आन मांडवबी जुनाच हाय," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता, तरी म्हणाल्या.

"कुणाची तरी नजर लागली," येसू. ती माझ्याकडं बघत नव्हती.

तिघांच्याही पायांवर पिवळी पूड होती. माझ्या भुवयांवरही होती, हे मला नंतर आरशात कळलं. चंपानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दाजी, तुमचा एक मोजा कुठं हाय?"

"गप बस गं!" मामी कडाडल्या. "पाहुण्यास्नी काय बी विचारती! जा, चहा टाक!"

अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये. माणसाला शिव्या खायच्या असतात आणि लोक त्याला चहा देतात! वर मामी वाटीत करंज्या घेऊन आल्या. मी वाटी घ्यायला हात पुढं केला, आणि त्यांची नजर माझ्या बोटावर खिळली.

"आयो!"

अंगठी काळी पडली होती. तव्याच्या बुडासारखी.

मी काही बोलायच्या आत मामी मटकन खाली बसल्या. "सोनारानं चांदी बदलली! माझे वाळे घेतले आन जावयाच्या बोटात पत्रा घातला! जावयबापू, आमास्नी ठाऊक नव्हतं हो, देवाशपथ ठाऊक नव्हतं..."

म्हातारी माझी क्षमा मागत होती! वेल मी मारला, अंगठी मी काळी केली, आणि हात ती जोडत होती!

मामा आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात लग्नातला काळा कोट, डोक्याला टोपी, हातात काठी.

"मामा, कुठं निघालात?"

"सोनाराकडं. शेवटची बस हाय अजून. तीस वर्षांचा घरोबा त्याचा आन माझा. आज मोडला." आणि मामा चालू लागले. फाटकापर्यंत गेलेसुद्धा.

त्या सोनाराला मी कधी पाहिलं नव्हतं. पण कुठंतरी तो बिचारा दिवाळीचा फराळ करत असणार आणि त्याच्या दिशेनं एक काठी निघाली होती. मी धावत जाऊन मामांच्या वाटेत उभा राहिलो.

"मामा, सोनार खरा आहे. चांदीही खरी आहे. गंधकानं काळी पडली. वेलाला गंधक मी मारलं."

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही कशाला मारताय? तुम्ही झोपला हुता."

"नाही मामा. मीच मारलं!"

"आसू द्या. सोनाराला वाचवाय बघताय. मन मोठं हाय तुमचं."

गुन्हा कबूल करणं इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं! मी आत पळालो, पिशवी उपडी केली आणि मोजा घेऊन आलो. भर अंगणात तो झटकला. पिवळा ढग उठला. मामा शिंकले. चंपा म्हणाली, "सापडला बाई एकदाचा!"

मामी उठल्या. मोजा हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. एकदा वेलाकडं बघितलं. मग माझ्याकडं. आणि मग तो बांध फुटला.

"अरे मेल्या! माझ्या आयचं बी हुतं ते! शंभरदा सांगितलं बस म्हणून, बस म्हणून, तर बसवलं न्हाय व्हय रं तुला? कुल्ल्याखाली काय निखारे हुते?"

"अगं, अगं!" मामांनी टोपीच काढली. "जावई हायत ते!"

"जावई आसंल तुमचा! माझं तर पोर हाय ते. आन पोर गाढव हाय!"

मामी पदरात तोंड घालून रडायला लागल्या. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. (गंधकानं आलं, असं मी येसूला सांगितलं. तिनं मान डोलावली.) माझी आई मी लहान असताना गेली. मला कोणी 'अरे मेल्या' म्हणून कित्येक वर्षं झाली होती.

रडणं थोडं ओसरलं तेव्हा चंपाचा आवाज आला, स्वैपाकाच्या खोपटामागून. "आये, हिकडं ये. दाजी हितवर पोचले न्हाईत!"

वेलाची एक फांदी मांडव सोडून खोपटावर चढली होती आणि पलीकडं केळीच्या सावलीत उतरली होती. माझ्या मोज्याच्या तडाख्यातून ती सुटली होती. भुरीचे ठिपके तिच्यावरही होते, पण हिरवी होती. आणि शेवटी, तांब्याएवढा, एक भोपळा.

सगळे त्याच्याकडं बघत उभे राहिले. मग मामी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू मागं सर."

दुसऱ्या दिवशी अजून नीट उजाडलंही नव्हतं, पायाला काठीची टोच बसली. मामा उभे होते. "ऊठ. बादली घे." 'जावयबापू' नव्हतं, 'बसा' नव्हतं. मी इतक्या लगबगीनं उठलो की बादलीत पाय गेला.

त्या सकाळी मी पत्रकाचं दुसरं पान शिकलो, न वाचता. मामांनी भुरीनं भरलेली पानं एकेक करून अलगद खुडली. ती तिथंच टाकायची नाहीत, लांब नेऊन पुरायची. ते काम माझं. मग फांदीवर पानांची जिथं दाटी होती तिथं विरळ केली. "वारं फिराय पायजे. पीठ बसतं ते कोंडल्या जागी." मामी ताक गाळून, पाण्यासारखं पातळ करून घेऊन आल्या आणि गवताच्या जुडीनं पानांच्या दोन्ही बाजूंवर शिंपडू लागल्या.

"मामा, मग गंधक चुकीचंच का?"

"न्हाय रं. गंधक बेस. पर पहाटं, दवात, चिमूट चिमूट. उन्हाच्या तापात मारलं की पान भाजतं. आन भोपळ्याचं पान म्हंजे लेकराची कातडी."

"तुम्हांला ठाऊक होतं?"

"तर! आज पहाटं मारायचंच हुतं मला. पुडी आणून ठेवलीया." त्यांनी वळचणीकडं बोट दाखवलं. तिथं कागदात बांधलेली छोटीशी, शहाणी पुडी होती.

"मग मला सांगितलं का नाही?"

"जावयाला कशाला तरास!" मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

कचेरीत परतल्यावर मी ते पत्रक शोधून काढलं. 'मात्र'च्या पुढं मामांचंच बोलणं होतं, फक्त फ्रेंचमध्ये.

पुढं सहा-सात आठवडे दर रविवारी मी दोन बसगाड्या बदलून सासुरवाडीला जात होतो. पानं पुरायला. बसमधले लोक विचारायचे, "बायको माहेरी आहे वाटतं?" मी म्हणायचो, "नाही, भोपळा माहेरी आहे." क्युरपिपहून मी ताकाची बाटलीही न्यायचो. एकदा तिचं बूच उडालं आणि पुढच्या बाकावरच्या गृहस्थांवर भुरीचा उपचार झाला. खोपटाच्या कुडाला टेकून वाढल्यामुळं भोपळ्याचा एक गाल चपटा झाला. चंपा त्याला 'दाजी' म्हणायची.

दाजी पिकला. मामींनी तो कापला तेव्हा सगळे भोवती बसलो होतो. बी टपोरं निघालं. धुऊन, वाळवून, राखेत घोळून मामींनी त्याचे तीन वाटे केले: एक घरात, उंदीर पोचणार नाहीत अशा डब्यात, एक चंपाच्या पदरासाठी, आणि एक येसूच्या ओटीत. मी हात पुढं केला. मामींनी माझ्या हातावर चापट मारली.

पुढं आम्ही बो बासेंला राहायला आलो. तिथं ऊन बेताचं, पाऊस बेताचा. वेल चांगला चढतो. मध्यंतरी मोठं वादळ आलं, त्यात मामांचा मांडव, खोपटाचं छप्पर आणि मामींचा डबा एकदमच गेले. वाटा मोकळ्या झाल्यावर मामींचा निरोप आला: येसू, बी धाड. येसूनं बी माझ्याच हातून पाठवलं, पण पुरचुंडीला सात गाठी मारून. मामींनी माझ्यासमोर सातही गाठी तपासल्या. मग पुरचुंडी कपाळाला लावली आणि मला म्हणाल्या, "जेवून जा रं मेल्या."

अंगठी अजून बोटात आहे आणि अजून काळीच आहे. येसू दर दिवाळीला राख घेऊन बसते, मी देत नाही घासायला.

वेलावर भुरी अजूनही येते. दर वर्षी थंडी सरून कोरडे दिवस आले की पीठ पडतंच. मुलंही आता तयार झालीत. आमच्या घरी तीन उपाय ठरलेले आहेत: पांढरी पानं खुडून लांब पुरायची, सकाळी ताकाचं पाणी शिंपडायचं, आणि मला चार दिवस मोका गावी, चंपाच्या सासरी पाठवून द्यायचं. तिसऱ्यानं हमखास गुण येतो म्हणतात.